दोन पाद्री आणि सासूबाईंची राख

जर्मनीतल्या कोलोनमधलं एक जुनं चर्च पाहुण्यांना दाखवणं हा माझा हातखंडा प्रयोग. तिथे काचेच्या पेटीत दोन कॅथलिक पाद्र्यांची हाडं आहेत. चारेकशे वर्षांपूर्वी धर्मापायी फासावर गेलेले. गोष्ट सांगताना मी न्यायाधीश होतो, जल्लाद होतो, प्रेक्षक चांगला असेल तर दोरखंडही होतो.

त्या दिवशी प्रेक्षक एकच, माझे सासरे. आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई झोपेतच गेल्या, त्याला अकरा दिवस झाले होते. मला रडू आलं नव्हतं. काहीच आलं नव्हतं. त्यांची राख अंत्यसंस्कारवाल्यांच्या कपाटात होती. इथे ती अशी घरी देत नाहीत. भारतात न्यायची, तर तिथल्या फ्रीडहोफचं, म्हणजे दफनभूमीचं नाव अर्जात हवं. आम्ही गोदावरीत सोडणारी माणसं. मी नाशिकच्या एका दफनभूमीचं नाव ठोकून देणार होतो.

"न्यायाधीश म्हणाला, तुमची ती मिस्सा, ती चर्चमधली उपासना, खोटी आहे एवढं बोला आणि घरी जा!" मी गरजलो. मागच्या बाकावरच्या आजीबाईंनी "श्श" केलं.

सासरे पेटीकडे बघत होते. "नाही बोलले?"

"दोघंही नाही."

"मग यांना उचललं कोणी?"

"गावच्या बायकांनी. पिठाच्या पोत्यात घालून."

"त्यांच्याकडे अर्ज नाही मागितला कोणी?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

"जावईबापू, ते दफनभूमीचं नाव लिहू नका."

"बाबा, मग देणार नाहीत ते."

"न देवोत. पन्नास वर्षांत तिच्याशी एकदाच खोटं बोललो, सिगारेटचं. तिनं दारातच वासावरून पकडलं."

दुसऱ्या दिवशी मी त्या रकान्यात 'गोदावरी नदी, नाशिक' असं लिहिलं. अंत्यसंस्कारवाल्यांच्या काउंटरवरच्या बाईंनी दोनदा वाचलं.

"नदी?"

"गेनाऊ," अगदी बरोबर, एवढंच मी म्हणालो. एरवी यावर मी अर्धा तास रंगवला असता.

त्या आत विचारून आल्या. नदीत सोडायला तिथे परवानगी आहे, असं नाशिकहून लेखी आणा. तोवर राख इथेच. मी ते सासऱ्यांना मराठीत सांगितलं. त्यांनी राखेसाठी आणलेली कापडी पिशवी घडी करून खिशात घातली.

"किती दिवस?"

"तीन आठवडे, कदाचित जास्त."

"मग माझं परवाचं तिकीट पुढे ढकला. तिला टाकून मी जात नाही."

मी फोन काढला. विमान कंपनीचं 'थांबा' म्हणणारं संगीत वाजत राहिलं आणि मी ते ऐकत उभा राहिलो.