हात राखून दिलेल्या गोळ्या

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. घरी सोडायच्या दिवशी हॉस्पिटलच्या फार्मासिस्ट बाई खाटेपाशी आल्या. हातात दुखण्यावरच्या गोळ्यांची पट्टी आणि कात्री.

"घरात अजून कोणाचं काही दुखतं का?"

मला वाटलं, काय ही आपुलकी! मी माझ्या कंबरेपासून सुरुवात केली आणि मावशीच्या गुडघ्यांवरून शेजारच्या काकांच्या मानेपर्यंत पोचलो. सगळं ऐकून बाई डॉक्टरांशी बोलून आल्या आणि त्यांनी पट्टी कापून निम्मीच आईच्या हातात ठेवली.

"अगं, एवढ्याशाच?" आई कळवळली.

"आजी, ही अफूच्या जातीची गोळी. सवय लागते, जास्त झाली तर श्वास मंदावतो. उरली की तुमचे चिरंजीव वाटत सुटतील."

पन्नाशीचे चिरंजीव पिशव्या भरायला लागले.

आमच्याकडे माया म्हणजे भरभरून वाढणं. नको म्हणणाऱ्याच्या पानातही पोळी पडतेच, आणि गुण आलेली गोळी तर आम्ही लोणच्यासारखी घरोघर पोचवतो. हात राखून देणाऱ्या माणसाला आपली इतकी काळजी असू शकते, हे मला नवीनच होतं.

गोळ्या संपल्या त्या दिवशी बाईंचा फोन आला. आईने तो माझ्या हातातून ओढूनच घेतला.

"दुखतं गं, पण आता साध्या गोळीवर निभतंय. मघाशी वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत जाऊन आले." मग माझ्याकडे पाठ वळवून हळूच म्हणाली, "उद्याही करशील ना फोन?"