गाद्यांची टीम

आमच्या क्लबच्या पहिल्या जर्सीला नव्या गादीचा वास यायचा, कारण ती गादीच्या कापडाचीच होती. आमचे मॅनेजर जळगावात गाद्या भरायचे. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दिवसभर कापूस पिंजून संध्याकाळी ते ग्राउंडवर यायचे, तेव्हा दाढीत कापसाचे दोन-चार पुंजके अडकलेले असायचे आणि कॉलरला दाभण टोचलेला असायचा. त्या दाभणाने ते गाद्या शिवत, फाटलेला फुटबॉल शिवत आणि एकदा आमच्या गोलकीपरचा बूटही त्यांनी शिवला होता. पाय आत असतानाच.

त्यांना सगळे चाचा म्हणत. फुटबॉल ते भुसावळला शिकले होते. तरुणपणी रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये गाद्या पोचवायला जात आणि परत येण्याऐवजी रेल्वेवाल्यांचा खेळ बघत बसत. शिकले म्हणजे बघून शिकले. स्वतः कधी खेळले नाहीत. आमचे बरेच समीक्षकही असेच तयार होतात. फरक इतकाच की चाचांना खेळ खरोखर कळत होता.

क्लब सुरू झाला तेव्हा अकरा जणांना एकसारखे कपडे नव्हते. चाचांच्या दुकानात गादीपाटाचे, म्हणजे गादीच्या खोळीच्या निळ्यापांढऱ्या पट्टेरी कापडाचे, उरलेले तुकडे होते. त्यांनी ते रात्रंदिवस मशीनवर बसून शिवले. कापड जाड होतं. पहिला हाफ संपेपर्यंत घामाने त्याचं वजन इतकं वाढे की दुसऱ्या हाफमध्ये आमचे फॉरवर्ड पोतं पाठीवर घेतल्यासारखे पळत. पुढे चांगल्या कापडाच्या जर्सी आल्या, पण पट्टे तेच राहिले. मी तेव्हा कॉलेजच्या ग्रंथालयात होतो आणि संध्याकाळी ग्राउंडच्या कठड्यावर. खेळाडू म्हणून माझा काही उपयोग नव्हता. पण क्लबचे अर्ज, पत्रं, निवेदनं मीच लिहायचो, कारण माझं अक्षर चांगलं आहे असा समज होता.

पट्ट्यांमुळे व्हायचं ते धुळ्यात झालं. आम्ही पहिल्यांदा तिथे खेळायला गेलो आणि टीम मैदानात उतरताच पायऱ्यांवरून आवाज आला, "गाद्या उन्यात रे भो, गाद्या!" म्हणजे गाद्या आल्या रे भाऊ. मग दुसरा, "आंथरा रे, आंथरा!" सगळं ग्राउंड हसत होतं. आमची पोरं लाजून एकमेकांच्या मागे उभी राहायला लागली. अकरा जणांना एकमेकांच्या मागे लपता येत नाही, पण त्यांनी प्रयत्न केला.

चाचा मैदानात गेले. पोरांना म्हणाले, "झोपा."

"काय चाचा?"

"गाद्या म्हणतात ना? मग झोपा. पाठ टेकून, डोळे बंद. मी टाळी वाजवल्याशिवाय कोणी उठायचं नाही."

अकरा जण सेंटरच्या गोलात उताणे झोपले. चाचा बाजूला उभे राहून मनात चाळीस टाके मोजत होते. वेळ मोजायचं त्यांचं तेच माप होतं. धुळेकरांना आधी हसू आवरेना, मग काय करावं ते कळेना. चाळीस टाके म्हणजे बराच वेळ असतो. झोपलेल्या माणसाची चेष्टा करत राहायला फार कल्पकता लागते. आवाज हळूहळू विरला. तेव्हा चाचांनी एकच टाळी वाजवली, पोरं उठली आणि त्या दिवशी आम्ही धुळ्याला त्यांच्याच ग्राउंडवर हरवलं. गोल कसा झाला ते मला आठवत नाही. पाठीला लाल माती लागलेले अकरा जण मात्र जसेच्या तसे आठवतात.

तेव्हापासून प्रत्येक सामन्याआधी आमची टीम झोपायची. चाचांचं म्हणणं, जमिनीची एकदा पाठीला ओळख झाली की ती उगाच पाडत नाही. चोपड्याला, अमळनेरला, कुठेही गेलो तरी लोक सामन्याच्या आधी येऊन बसत. खेळ चुकला तरी चालेल, पण झोप चुकायला नको. नंतर कोणीतरी मोबाइलवर शोधून सांगितलं की स्पेनमधल्या एका मोठ्या क्लबलाही पट्ट्यांमुळे गादीवाले म्हणतात. आम्ही एकमताने ठरवलं की त्यांनी ते आमच्यावरून घेतलं असावं.

आता लाज वाटणारा भाग. चाचांची नजर अधू झाली, दुकान बंद झालं आणि ते मुलीकडे धुळ्याला राहायला गेले. क्लबला वाली उरला नाही. तेवढ्यात शहरातले एक समाजसेवक पुढे आले. समाजसेवक हा त्यांचा व्यवसाय असावा, कारण त्यांच्या प्रत्येक फ्लेक्सवर नावाखाली तेच लिहिलेलं असे. ते अध्यक्ष झाले. ग्राउंड मिळालं, बस मिळाली, पगारी प्रशिक्षक मिळाला, हे खरंच आहे. पण नाव बदललं. नव्या नावात एक वाघ होता आणि तो इंग्रजीत होता. जर्सी काळीसोनेरी झाली. सामन्याआधीचं झोपणं "व्यावसायिक प्रतिमेला शोभत नाही" म्हणून बंद झालं. त्याऐवजी खेळाडूंनी हाताचे पंजे करून गुरगुरायचं होतं.

जुन्या सभासदांच्या संमतीचं पत्र हवं होतं. ते मी लिहिलं. कोणी जबरदस्ती केली नाही. उलट चहा पाजला. त्या पत्रात मी एक वाक्य घातलं, "क्लबची जुनी ओळख आता कालबाह्य झाली आहे." वाक्य मला तेव्हा आवडलं होतं. ग्रंथालयात माणूस फार वर्षं राहिला की त्याला अशी वाक्यं आपोआप सुचतात. पत्राच्या प्रती सगळ्या जुन्या लोकांना पाठवल्या गेल्या. म्हणजे चाचांनाही गेली असणार.

त्यानंतर चाचांनी मला कधी काही विचारलं नाही. अडचण तीच होती. आधी दर आठवड्याला त्यांचा फोन यायचा: कोण खेळलं, कोण लंगडतंय, डावीकडून कोण पळतं. पत्रानंतर फोन यायचा, पण त्यात तब्येत, पाऊस आणि कपाशीचा भाव एवढंच असायचं. माणूस रागावला तर समजूत काढता येते. फुटबॉलवाल्याने कपाशीबद्दल बोलायला सुरुवात केली की काय करायचं?

यंदा आमची टीम धुळ्यात फायनलला पोचली. समोर धुळ्याचीच टीम. माझे जुने मित्र, निवृत्त पोस्टमन, आमच्याच कठड्यावरचे, मला म्हणाले, "सर, चाचांना घेऊन जायचं का ग्राउंडवर?"

"काय दाखवायला? वाघ?"

"ते तुम्ही ठरवा. लिहिण्याचं काम तुमचं, पोचवण्याचं माझं."

मी दोन दिवस विचार केला आणि दुसरं पत्र लिहिलं. कॅप्टनला. हा नशिराबादचा मुलगा, उत्तम सेंटर हाफ, चाचांना त्याने कधी पाहिलेलं नव्हतं. पत्रात मोठी वाक्यं घातली नाहीत. जर्सी कशाची होती, धुळेकर काय ओरडले, चाचा काय म्हणाले, पोरं कशी झोपली, तेवढं लिहिलं. शेवटी लिहिलं: चाचा उत्तरेच्या पायऱ्यांवर, खालून तिसऱ्या पायरीवर बसतील. टाळी ते वाजवतील. बाकी तुमची मर्जी.

पोस्टमन पत्र देऊन आले.

"काय म्हणाला?"

"काही नाही. वाचलं, घडी केली, मोज्यात घातलं."

"मोज्यात?"

"चड्डीला खिसा नव्हता, सर."

मोज्यातल्या पत्राचं काय होतं याला माझ्या वाचनात काही आधार नव्हता. कॅप्टनने ऐकलं नसतं तर त्याला दोष देता येत नव्हता. प्रशिक्षक त्याला पुढच्या सामन्यात बाकावर बसवू शकत होता. आणि मी मात्र चाचांना त्यांच्या टीमचं शेवटचं दर्शन म्हणून अकरा गुरगुरणारी पोरं दाखवणार होतो.

धुळ्याला चाचांच्या मुलीने दार उघडलं. "काल तुमचा फोन आला, अब्बा सकाळपासून तयार बसलेत," ती म्हणाली, "पण मला म्हणतात, मला कुठे जायचंय?" चाचा इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसले होते. म्हणाले, "कपाशी कशी आहे, सर, तुमच्याकडे?" मी म्हणालो, "बरी आहे, चला."

ग्राउंडवर व्हायचं ते सगळं होतं. कमान होती, डीजे होता, ड्रोन होता. व्यासपीठावर इतके मान्यवर होते की खेळाडूंपेक्षा त्यांचीच बदली टीम तयार ठेवावी असं वाटलं. सत्कार करून झाले, मग ज्यांनी सत्कार केले त्यांचे सत्कार झाले. आमचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. क्लबचा इतिहास त्यांनी स्वतःपासून सुरू केला आणि तो त्यामुळे थोडक्यात आटोपेल असं वाटलं होतं, पण तसं झालं नाही.

चाचांना आता रंग दिसतात, चेहरे दिसत नाहीत. टीम मैदानात आली तसं त्यांनी विचारलं, "काळे कोण?"

"आपले," पोस्टमन म्हणाले.

"हं," चाचा म्हणाले, आणि हात मांडीवर ठेवून बसले.

अध्यक्षांचं भाषण चालूच होतं. "हा वाघ आता जागा झाला आहे," असं ते म्हणाले आणि नेमका त्याच क्षणी आमचा कॅप्टन सेंटरच्या गोलात गेला, खाली बसला आणि उताणा झोपला. मग गोलकीपर. मग एकेक करत सगळे. अकरा वाघ जमिनीवर आडवे झाले.

डीजे थांबला. निवेदकाला वाटलं उन्हाने चक्कर आली. त्याने माइकवरून डॉक्टरांना बोलावलं. प्रशिक्षक हातवारे करत होता. रेफरी एकदा घड्याळाकडे आणि एकदा व्यासपीठाकडे बघत होता. आणि मग आमच्या मागून, वरच्या पायरीवरून, एका म्हाताऱ्या धुळेकराचा आवाज आला:

"आरे, गाद्या शेतस ह्या! गाद्या उन्यात रे भो!"

सगळ्या बाजूंनी म्हाताऱ्यांनी ते उचललं. "आंथरा रे, आंथरा!" तरुण पोरं विचारत होती काय झालं, आणि त्यांचे बाप, आजे त्यांना सांगत होते. इतकी वर्षं वाघाला कोणी काही म्हणालं नव्हतं. वाघाला काय म्हणणार? आमची चेष्टा करायची सोय धुळेकरांनी मात्र इतकी वर्षं जपून ठेवली होती. स्वतःच्या क्लबची टिंगल ऐकून छाती फुगते हे मला तेव्हा कळलं.

"झोपले का?" चाचांनी विचारलं.

"झोपले, चाचा. अकराच्या अकरा."

चाचांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि बोट मांडीवर हलायला लागलं, वर-खाली, वर-खाली. ते टाके घालत होते. मी मोजले नाहीत, पण चाळीसच असणार. मग त्यांनी टाळी वाजवली.

ती मला, शेजारी बसून, जेमतेम ऐकू आली. मैदानापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. पण कॅप्टनने डोळे मिटलेले नव्हते. मान आमच्याकडे वळवून तो तिसऱ्या पायरीकडे बघत होता. हात एकमेकांना भेटलेले त्याने पाहिले आणि उठला. त्याच्यामागे सगळे उठले. काळ्या जर्सीवर लाल माती फार चांगली दिसते, हे अध्यक्षांनाही मान्य करावं लागलं असतं.

सामना बरोबरीत सुटला आणि पेनल्टीवर ट्रॉफी धुळ्याला गेली. अध्यक्षांचं भाषण अर्धवट राहिलं ते राहिलंच. सामना संपल्यावर कॅप्टन धावत पायऱ्यांपाशी आला आणि चाचांच्या पाया पडला. म्हणाला, "चाचा, हरलो."

"डावा बॅक उशिरा उठला," चाचा म्हणाले. "मला दिसलं नाही, पण त्यांच्या पाच नंबरने गोल मारला तेव्हा तो जाग्यावर नव्हता, हे ओरडण्यावरून कळलं. आणि पाठ पूर्ण टेकली का सगळ्यांची?"

कॅप्टन खाली बघायला लागला. "दोघं कुशीवर होते."

"हं. मग हरणारच."

मुलीच्या घरी परत जाताना रिक्षात चाचा म्हणाले, "सर, तुमचं पत्र आलं होतं मला. ते पहिलं. मुलीने वाचून दाखवलं."

मी रिक्षावाल्याला जरा हळू घ्यायला सांगितलं.

"त्या पोराला लिहिलं ते पण तुमचंच ना?"

"हो."

"ते चांगलं असणार," चाचा म्हणाले. "पोरं झोपली."

घरापाशी उतरताना त्यांनी माझा दंड धरला आणि विचारलं की पुढचा सामना कधी आहे, आणि तो डावा बॅक कुणाचा मुलगा. कपाशीचं त्यांनी नाव काढलं नाही.