फाट्यावरची खोली

मी बाजाराच्या दिवशी गाव बघितलं आणि भुलून तिथं खोली घेतली. आमच्या जुन्नर-आंबेगावात शेंबडं पोरही असा गाढवपणा करायचं नाही. मी पदवीधर होते, म्हणून मला जमला.

नव्वदीची सुरुवात होती आणि आमचं नुकतंच लग्न झालं होतं. मी ओतूरला बँकेत कारकून, हे घोडेगावला सरकारी कचेरीत. बिऱ्हाड कुठं मांडायचं, हा प्रश्न. सासरी, निमगाव साव्याला, त्याचं उत्तर तयार होतं: सुनेनं नोकरी सोडावी. तोंडावर कुणी म्हणत नव्हतं, पण चुलतसासूबाई येता-जाता ऐकवायच्या, "घोडेगावचं पाणी लई गोड हाय म्हनं."

हे मात्र म्हणाले, "ओतूरलाच राहू. मी करीन ये-जा."

दुसरी कुणी असती तर तिनं नारळ फोडला असता. मी म्हटलं, "म्हणजे उद्या लोकांनी म्हणायचं, बायकोनं नवऱ्याला फरफटत नेलं! ओतूर नको नि घोडेगावही नको. मधे राहायचं. दोघांना सारखा त्रास."

"पण दोघांना त्रास कशाला?" यांनी भाबडेपणानं विचारलं.

"समानता!" मी म्हटलं. रविवारच्या पुरवण्या वाचून वाचून माझं डोकं तेव्हा फार टणक झालं होतं.

तर नारायणगाव आणि मंचर यांच्या मधला एक फाटा मी हेरला. खोली बघायला रविवारी गेलो, आणि रविवारीच तिथला आठवड्याचा बाजार. काय ती गजबज! एसटी येतेय, थांबतेय, पाट्या नि पिशव्या उतरतायत. काळ्या-पिवळ्या जीपगाड्या 'चला मंचर, चला नारायणगाव' म्हणून अक्षरशः पदर धरतायत. कंडक्टर खाली उतरून निवांत चहा पितोय. मी गोडीशेव खात यांना म्हटलं, "बघा! गाडीला तोटा नाही."

घरमालकीण मावशी ओट्यावर लसूण सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, बाजार नसंल तवा एकडाव येऊन बगा की. मंग ठरवा."

मला वाटलं, म्हातारीला भाडेकरूच नकोयत. मी त्याच बाजारातून कुलूप विकत घेतलं आणि दाराला लावूनच परतले.

राहायला आलो तेव्हा श्रावण होता. पहिल्या सोमवारी सकाळी फाट्यावर मी, हे आणि एक कुत्रं. बाकी शुकशुकाट. मला नारायणगावकडं जायचं, यांना मंचरकडं, म्हणून रस्त्याच्या अलीकडं मी, पलीकडं हे. माझ्या बाजूच्या गाड्या मंचरलाच भरून यायच्या. यांच्या गाड्या भीमाशंकरला निघालेल्या मंडळींनी फुगलेल्या. ड्रायव्हर हातानं खूण करायचे, मागची रिकामी येतेय. मागचाही तीच खूण करायचा. जीपच्या तर मागच्या फळीवरसुद्धा माणसं लोंबकळत असायची.

श्रावण सरला तरी यात फरक पडला नाही. गाडीला हात करताना कधी दोघांचे हात एकदमच वर जायचे. बघणाऱ्याला वाटायचं, हे जोडपं रोज सकाळी डांबराच्या दोन कडांना उभं राहून एकमेकांना टाटा करतं. हे तिकडून ओरडायचे, "तुझी आली, तुझी आली! ... गेली." एकदा यांच्यासमोर चक्क गाडी थांबली. यांनी माझ्याकडं पाहिलं आणि गाडीला जा म्हणून हात केला. वर मला सांगितलं, "खचाखच होती." मला खिडकीतून रिकामी बाकं दिसली होती. त्या दिवशी बँकेत उशिरा पोचूनही मी खुळ्यासारखी हसत होते.

साहेब मात्र हसले नाहीत. "बाई, असंच चाललं तर मला वर कळवावं लागेल." मला साहेबांची भीती नव्हती. भीती होती ती निमगाव साव्याची. नोकरीवर गदा आली असती तर घोडेगावचं ते गोड पाणी मी जन्मभर भरत बसले असते.

आणि नेमक्या तेव्हाच सासूबाई बाजरीचं गठुडं घेऊन मुक्कामाला आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरमालकिणीशेजारी ओट्यावर बसून आमची कवायत पाहत राहिल्या. एक गाडी गेली, दुसरी गेली, तिसरीनं तर धूळही आमच्याच अंगावर टाकली. मग त्यांनी हाक मारली, "या रं हिकडं, दोगंबी!"

आता ऐकावं लागणार, हे मी ओळखलं. म्हणून आपणच आधी बोलून टाकलं, "आत्याबाई, मी नोकरी सोडायची नाही."

"तुला कोन म्हनलं सोड म्हनून?"

"मग? सगळ्यांच्या मनात तेच आहे."

त्यांनी मिसरीचं बोट दातावरून फिरवलं, लेकाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या,

"अगं, संसारात कुनीतरी एकानं उभ्यानं जायाचं आन् दुसऱ्यानं बसून. औंदा ओतूरला ऱ्हावा, त्यो जाईल उभ्यानं, माजाच पोरगा हाय, मोडत न्हाई. म्होरं लागलं तर तू जा. पर दोगांनीबी उभं ऱ्हायाचं आन् गाडी कुनालाच न्हाई, ह्यो कुठला न्याय काढलास गं बये?"