कुंकू खोक्यालाच लावा

महारुद्राच्या हातात जुना फोन कोणी पाहिलेला नाही. बोरीत त्याची ओळख सांगताना लोक शेत, शिक्षण, नोकरी यांतलं काही सांगत नाहीत. “दर दसऱ्याला मोबाईल बदलतंय ते किशनरावचं पोरगं,” एवढं म्हटलं की पुरतं. आम्ही स्थळ म्हणून त्याची चौकशी करायला गेलो तेव्हा स्टँडवरच्या पानटपरीवाल्यानेही हीच खूण सांगितली. आमच्या यांना ती कर्तबगारीची खूण वाटली.

वय तिशीच्या आतलं, जिंतूरला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये नोकरी, बोरीला घरचं शेत, तोंडात तंबाखू नाही. मुलीच्या आईला रात्री झोप लागावी एवढं सगळं त्याच्याकडे होतं. स्थळ आणलं माझ्या माहेरच्या भुजंगमामांनी. आपण किती लग्नं जुळवली हे मामा न विचारता सांगतात; त्यांतली टिकली किती हे विचारूनही सांगत नाहीत.

पहिल्या भेटीत मोठ्या माणसांनी दोघांना ओसरीवर बसवलं आणि काय विचारायचं ते विचारा म्हटलं. आमची राजनंदिनी बी.एस्सी. झालेली आहे, परभणीत एका शिकवणीत गणित शिकवते. तिला लग्नानंतरही ते चालू ठेवायचं होतं आणि त्याबद्दल तो काय म्हणेल याची मला धाकधूक होती. त्याने विचारलं, “फोन कोणता वापरता?”

तिने कोपऱ्याला तडा गेलेला आपला फोन दाखवला. चार वर्षं झाली, चांगला चालतो म्हणाली. उशिरा आणलेल्या रोग्याचा हात डॉक्टर ज्या चेहऱ्याने घेतो, त्या चेहऱ्याने त्याने तो घेतला.

मग चहा निवेपर्यंत त्याने आम्हाला त्याची विद्या सांगितली. माणूस दरवर्षी फोन बदलत नाही, कारण त्याला तो बदलता येत नाही, असं त्याचं मत. नवा निघालेला फोन घ्यायचाच नाही. नवा बाजारात आला की आदल्या वर्षीचा स्वस्त होतो, तो घ्यायचा, तोही सणाच्या सेलमध्ये. ज्या बँकेच्या कार्डावर सूट असेल ते कार्ड पाव्हण्यारावळ्यांत कुणाकडे ना कुणाकडे असतंच, ते मागायचं. पहिल्या तासाला काच आणि कव्हर चढवायचं. खोकं, बिल, चार्जर, एवढंच काय, सिम काढायची ती टाचणीसुद्धा जपून ठेवायची. आणि वॉरंटी संपायच्या आधी विकून मोकळं व्हायचं. दुकानात मात्र विकायचा नाही. दुकानदार तोंड वाकडं करून निम्मे देतो.

“मग कुणाला विकता?” यांनी कौतुकाने विचारलं.

“नात्यात,” तो म्हणाला. “नात्यातला माणूस घासाघीस करत न्हाई, मामा. आन् बिघडला तर बोंबलत बी न्हाई.”

हे हसले. भुजंगमामा तर मांडीवर थाप मारून हसले. त्यांच्या खिशातला फोन त्याच्याकडूनच आलेला होता, हे मला नंतर कळलं. हे सगळं स्वस्तात बसतं असं महारुद्र पुन्हा पुन्हा सांगत होता. ते खरंही असेल. पण न बदलणं त्याहून स्वस्त पडतं, हे त्या विद्येत कुठेच नव्हतं. जुन्या फोनने जे होत नव्हतं असं नव्याने काय होतं, हे मी विचारलं तेव्हा त्याने मला फोटो काढून दाखवला. फोटोत मी होते, जशी आहे तशीच.

पुढे आम्ही त्यांचं घर बघायला बोरीला गेलो. त्या घरात कुणाची पत किती, हे फोनवरून कळायचं. महारुद्राचा यंदाचा. थोरल्या भावाकडे त्याचा दोन वर्षांपूर्वीचा, वडलांकडे त्याच्या आधीचा. असे फोन घरात वरून खाली उतरत यायचे, धुण्याचं पाणी उतारावरून येतं तसे, आणि शेवटी त्याच्या आईपाशी येऊन थांबायचे. सुलाबाईंच्या फोनची बॅटरी मेलेली होती. वायर लावलेली असेल तोवरच तो चालायचा. त्यामुळे त्या माउलीला लेकीचा फोन आला की ती भिंतीतल्या प्लगाखाली पोतं टाकून बसायची आणि मान तिरपी करून बोलायची. आमच्यासमोरच एक फोन आला. बोलता बोलता वायर हलली, लेक अर्ध्यातच तुटली. महारुद्र शेजारी बसून स्वतःच्या फोनची काच रुमालाने पुसत होता.

परतताना एसटीत मी यांना म्हटलं, “त्या घरात आपली पोरगी कोणत्या पायरीला बसंल?” हे म्हणाले, तुला खुसपट काढायची सवय आहे.

कुंकवाचा कार्यक्रम आमच्याच घरी झाला. आमच्या भागात आता साडी-अंगठीबरोबर मुलीला मोबाईल द्यायची रीत पडली आहे. लग्नापर्यंत दोघांनी बोलावं म्हणून. महारुद्राने ताटात फोन ठेवला तेव्हा बायका पुढे वाकून बघायला लागल्या. खोक्यावर चकचकीत प्लास्टिक होतं, घडी न मोडलेलं. आमच्याकडे नवी वस्तू घरात आली की तिला हळद-कुंकू लागल्याशिवाय कुणी हात लावत नाही, मग ती गिरणी असो की गाडी. माझ्या जावेने खोकं उघडायला घेतलं, तर त्याने घाईने तिचा हात धरला.

“काकू, उघडू नका. कुंकू खोक्यालाच लावा.”

पोरगं वस्तू जपणारं आहे, असं सगळ्या म्हणाल्या. जावेने खोक्याला बोटं लावली. अक्षता आम्ही फक्त मुलीच्या डोक्यावर टाकल्या.

महिनाभर बरं चाललं. तो रोज संध्याकाळी फोन करायचा. काय बोलता असं मी राजनंदिनीला विचारायची नाही, पण भिंती पातळ आहेत. त्याचं अर्धं बोलणं फोनबद्दल असायचं: काच फुटली नाही ना, रात्रभर चार्जिंगला लावू नकोस, कव्हर काढू नकोस. एकदा तिने सांगितलं की शिकवणीवाले तिला दहावीचा वर्ग देतायत. तो म्हणाला, वर्गात फोन टेबलावर ठेवत जाऊ नको, पोरं पाडतील.

मग फोन चार्ज होईना. वायर बदलली, प्लग बदलला, तरी तेच. दुकानात न्यावा तर वॉरंटीचं बिल त्याच्याकडे. मी म्हटलं चार्जिंगच्या भोकात कचरा अडकला असेल, आण इकडे. खिडकीपाशी बसून मी सुईने हलकेच उकरलं. सुईच्या टोकाला लाल चूर्ण आलं. कापसावर घेतलं, बोटांत चुरगाळलं. कुंकू होतं, वाळून घट्ट बसलेलं. पुन्हा सुई घातली तेव्हा तांदळाचा एक तुकडा निघाला, हळदीने पिवळा झालेला.

मायलेकी दोघी त्या कापसाकडे बघत राहिलो. आमचं कुंकू खोक्याला लागलं होतं, प्लास्टिकवरून. आत गेलं ते कुणाचं?

हे म्हणाले, दुकानदाराने लक्ष्मीपूजनाला लावलं असेल, दुकानातल्या वस्तूंना लावतातच. दुकानदार सीलबंद खोकं फोडून, फोन बाहेर काढून, त्याच्यावर अक्षता टाकून पुन्हा सील करतो का, असं मी विचारलं. फोनसाठी सोयरीक मोडतात का, असं उत्तर मिळालं. त्यांची भीती मला कळत होती, कारण तीच माझी होती. कुंकू लागलेली मुलगी घरी राहिली की लोक मुलाकडचं विचारत नाहीत, मुलीचंच काय ते विचारतात. पुढचं स्थळ आलं की पहिला प्रश्न तोच. त्यामुळे मी गप्प बसले, फोन पुन्हा चार्ज व्हायला लागला होता, आणि रविवारी पाव्हणे जेवायला येणार होते.

ते आले. पुरणपोळी झाली, आमटी झाली, पानाचं तबक आलं. मी फोन त्याच्यासमोर ठेवला आणि विचारलं, “पाव्हणे, ह्याला आतून कुंकू कुणी लावलं?”

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. फोन उचलला, उलटा केला, भोकाला डोळा लावला.

“सुई घातली का मामी तुमी? आतली पिन वाकली आसंल.”

“कुंकू कुणाचं ते विचारलं मी.”

“पालमच्यांचं आसंल,” तो म्हणाला. इतक्या सहज, की जणू कुठल्या हाटेलातला चहा ते सांगतोय. “त्यांनी थेट फोनवरच मूठभर टाकलं वं. म्हणून तर तुमाला म्हणलं, खोक्यालाच लावा.”

यांच्या हातातलं पान हातातच राहिलं. भुजंगमामा जेवायला होतेच. ते चूळ भरायला उठले आणि बराच वेळ मोरीतच राहिले.

मग विचारू तेवढं त्याने सांगितलं. लपवावं असं त्याला त्यात काही दिसत नव्हतं. फोन आधी त्याने स्वतः वर्षभर वापरला होता. नात्यात गिऱ्हाईक भेटेना, आणि तेवढ्यात पालमच्या दैवशालाशी त्याचं कुंकू ठरलं, तेव्हा परभणीतल्या एका ओळखीच्या पोराकडून खोक्याला पुन्हा प्लास्टिक चढवून घेतलं. पालमचं पुढे जमलं नाही. का, तर ती तिथल्या पतपेढीतली नोकरी सोडणार नाही म्हणाली. मग पुन्हा प्लास्टिक चढवून तेच खोकं आमच्याकडे. नवा घ्यायचा म्हटलं असतं तर यंदाचा स्वतःचा बदलायचा राहिला असता, हा हिशेब त्याने आम्हाला समजावून सांगितला, आणि आम्हाला तो पटेल अशी त्याची खात्री होती.

राजनंदिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने विचारलं, “तिनं परत दिला का तुमी मागितला?”

“मागितला की. बिल माझ्या नावावर हाय.”

“आन् लग्नानंतर मी शिकवायला जाते म्हणले तर?”

तो हसला. “ते बघू की नंतर. आधी कव्हर घाल त्याला, उघडा ठेवलास.”

तिने पदराची पिन काढली, त्या पिनेने आपलं सिम बाहेर काढलं आणि फोन त्याच्यापुढे ठेवला. सिमची टाचणी खोक्यात आहे ना, असं त्याने विचारलं. पोरीने काय केलं हे त्या खोलीत त्याला सगळ्यांत शेवटी कळलं.

हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, लाजून लपवलं असतं तर एवढं लागलं नसतं; पण त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं, त्याचं काय करायचं? मी म्हटलं, काही करायचं नाही. परत करायचं.

परत करायची रीतही ठरलेली असते. देणं-घेणं चार माणसांत बसून, वस्तू समोर मांडून. साडी, अंगठी, फोन. त्यामुळे रविवारी फोन आमच्याकडेच राहिला होता; आदल्या दिवशी मी तो चार्जिंगला लावला आणि पूर्ण भरेपर्यंत काढला नाही. मग देवघरातून हळदीची चिमूट घेतली, पाण्याचा थेंब टाकून मळली, आणि सुईच्या मागच्या टोकाने त्याच भोकात दाबून भरली. वर चार अक्षता मोडून बसवल्या. राजनंदिनी बघत होती. तिने फक्त खिडकी उघडली, वाळायला ऊन यावं म्हणून.

महारुद्र आला. साडीची घडी त्याने उलगडून बघितली नाही, अंगठी आईच्या हातात दिली. फोन मात्र चालू केला. चारी कडा अंगठ्याने चाचपल्या, काच उन्हात धरून तिरकी पाहिली, स्वतःचा एक फोटो काढला. बॅटरी शंभर टक्के दिसली तेव्हा भोकाला डोळा लावायचं त्याला सुचलं नाही, तोंडावर समाधान आलं. तेवढं आमच्या मुलीला पाहून कधी आलं नव्हतं. मग त्याने खोकं मागितलं. खोक्यावर जावेची कुंकवाची बोटं तशीच होती. त्याने रुमाल थुंकीने ओला केला आणि ती पुसली, कोपऱ्यापर्यंत, नीट.

सुलाबाई निघताना माझ्याजवळ आल्या. पोराबद्दल काही बोलतील असं वाटलं. त्या म्हणाल्या, “बाई, तुमच्या इथं माझ्या मोबाईलला वायर लावू का थोडी? लेकीला सांगायचंय, निगालो म्हणून.” मी प्लगापाशी त्यांना खुर्ची दिली.

त्याला सहा महिने झाले. राजनंदिनी दहावीचा वर्ग घेते, कोपरा तडकलेल्या फोनवरून रोज बसमध्ये बसल्याचं कळवते, आणि तो निरोप येईपर्यंत मी दाराशी जाऊन येते. लोक विचारतात ते विचारतातच. भुजंगमामांनी अजून तोंड दाखवलेलं नाही.

परवा कळलं, पोखर्णीकडच्या एका घरी महारुद्राची बोलणी चालली आहेत. त्या घरच्या बाईला मी ओळखत नाही, नाव कळलं तर निरोपही धाडीन. नाही कळलं, आणि खोकं तिच्या ताटात आलंच, तर तिने प्लास्टिक फोडावं, फोन बाहेर काढावा आणि भोकात सुई घालून बघावी. कुंकू पालमचं थोडं उरलं असेल. हळद आमची आहे, ती पुष्कळ आहे.