‘एच’चे दोन अर्थ

पद्मिनी तायडेला एका जागी बसवत नाही. आमच्याकडे आली की बोलता बोलता माझ्या फडताळातले मसाल्याचे डबे सरळ करते. ओहायोतल्या डब्लिनमध्ये आम्ही बारा वर्षं शेजारी आहोत, त्यामुळे मला त्याचं काही वाटत नाही. पण गेल्या मार्चमधल्या त्या आठवड्यात तिला जसं पाहिलं, तसं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

ती मूळची अकोल्याची. लायब्ररी सायन्स शिकून अमरावतीच्या एका कॉलेजात चार वर्षं पुस्तकांची वर्गवारी करत होती. लग्नानंतर निमिषबरोबर इथे आली तेव्हा व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. आठ वर्षं घरात गेली. परवानगी मिळाल्यावर तिने डेटाबेसचे कोर्स केले आणि पेशंटना घरपोच औषधोपचाराचं सामान पुरवणाऱ्या एका कंपनीत लागली. काम काय, तर रेफरन्स डेटा सांभाळणं. मला काही कळेना, तेव्हा तिने सांगितलं, “ऑर्डर रोज नव्या येतात, पेशंट बदलतात. पण देशांचे कोड, मोजमापं, डिलिव्हरीचे प्रकार, या याद्या क्वचितच बदलतात. सगळ्या कंपनीने त्याच वापरायच्या. त्यातलं एक अक्षर चुकलं की त्यावर उभं असलेलं सगळं चुकतं. आणि ते दिसत नाही, कारण कॉम्प्युटरच्या हिशेबी सगळं बरोबरच असतं.”

तिच्या कंपनीने एक छोटी कंपनी विकत घेतली होती. त्या रविवारी तिथल्या ऑर्डर यांच्या सिस्टिममध्ये आल्या. सोमवारी पद्मिनीने रिपोर्ट उघडला. एरवी चाळीसेक ऑर्डर ‘होल्ड’वर, म्हणजे थांबवलेल्या असायच्या. त्या दिवशी साडेतीनशे होत्या.

ती तिच्या मॅनेजरकडे, शैलेंद्रकडे गेली. तो म्हणाला, “गो-लाइव्हचा वीक आहे यार, त्यांच्या ऑर्डर आपल्या सिस्टिमवर नुकत्याच सुरू झाल्यात. पत्ते व्हेरिफाय होईपर्यंत थांबतात. शुक्रवारपर्यंत क्लिअर होईल.”

संध्याकाळी ती आमच्या गल्लीत फेऱ्या मारत होती. स्वयंपाक निमिषने केला. तिची मुलगी रीमा दारात येऊन म्हणाली, “मॉम, यू आर मेकिंग मी नर्व्हस.” पद्मिनी म्हणाली, “मलाच कळत नाहीये गं, काय चुकलंय ते.”

मंगळवारी आकडा चारशेच्या वर गेला. बुधवारी सकाळी तिला राहवेना. पेशंटना फोन करणं तिचं काम नव्हे, म्हणून कस्टमर सर्व्हिसमधल्या डेनिसच्या शेजारी जाऊन बसली आणि होल्डवरच्या एका ऑर्डरच्या पेशंटला तिला फोन करायला लावला. मॅरियन गावातले हॉब्स नावाचे एक वयस्क गृहस्थ स्पीकरवर बोलले. त्यांच्या बायकोचं डायलिसिस घरीच चालतं.

“डायलिसिसच्या औषधाच्या पिशव्या सोमवारी यायला हव्या होत्या,” ते म्हणाले. “उद्या सकाळपर्यंत पुरतील.”

“तुम्ही थांबवायला सांगितलं होतं का?” डेनिसने विचारलं.

“आम्ही कशाला थांबवू?”

पद्मिनीने डेनिसला हळूच सांगितलं, जुन्या, म्हणजे विकत घेतलेल्या कंपनीची पावती असेल तर बघायला सांग. हॉब्स कागद घेऊन आले. “डिलिव्हरी, एच,” त्यांनी वाचलं. “पुढे कंसात ‘होम’ असं छापलंय.”

पद्मिनीच्या कंपनीत ‘एच’ म्हणजे होल्ड. जुन्या कंपनीत ‘एच’ म्हणजे होम. तिथून आलेली, घरी पोचवायची प्रत्येक ऑर्डर रविवारपासून थांबलेली होती.

जागेवर येऊन तिने जानेवारीतले मेल काढले. समोरच्या कंपनीने कोडची यादी पाठवून विचारलं होतं, जुळते ना? यादीत नुसती अक्षरं होती, अर्थाचा रकाना कोराच होता. खाली तिचंच उत्तर होतं: हो, जुळते, पुढे जा.

शैलेंद्र मीटिंगमध्ये होता. ती दार ढकलून आत गेली. “चूक माझी आहे. त्यावर नंतर बोलू. आधी ऑर्डर सोडायच्यात.”

सगळं ऐकून त्याने लॅपटॉपवर होल्डची यादी उघडली. मग म्हणाला, “सरसकट सोडल्या तर खऱ्या होल्डवाल्याही जातील. त्यात वारलेले पेशंट आहेत. त्यांच्या घरी बॉक्स गेले तर?”

ते खरं होतं. मग दोघांनी मिळून ग्राहक क्रमांकावरून जुन्या कंपनीच्या ऑर्डर वेगळ्या काढल्या, एकेक पान तपासलं. दुपारी तीनपर्यंत चारशे अठरा ऑर्डर सुटल्या. पण मॅरियनचा ट्रक शुक्रवारी होता. शैलेंद्रने गोडाऊनला फोन केला आणि पद्मिनीने आपल्या गाडीत सहा बॉक्स भरून घेतले.

संध्याकाळी ती मॅरियनला पोचली तेव्हा मिसेस हॉब्स जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “तुम्ही ट्रकवर असता का?”

“नाही,” पद्मिनी म्हणाली. “मी याद्या सांभाळते. तुमची ऑर्डर माझ्यामुळे थांबली.”

त्यांना ते नीटसं समजलं नसावं. पाणी देऊ का, एवढंच त्यांनी विचारलं.

बाकीच्यांना शुक्रवारपर्यंत सामान पोचलं. डेटनच्या एका गृहस्थांना मात्र उशीर झाला, तीन दिवस हॉस्पिटलमध्ये राहावं लागलं. चौकशीचा रिपोर्ट पद्मिनीनेच लिहिला, चूक कुणाची या ओळीत स्वतःचं नाव घालून. सोमवारी तिने सांगितलं होतं आणि आपण ऐकलं नाही, हे शैलेंद्रने त्याखाली लिहिलं. तिची नोकरी राहिली. डेनिसकडून ती दर आठवड्याला डेटनच्या घरी चौकशी करवायची. शेवटी त्या गृहस्थांची बायको म्हणाली, ते बरे आहेत, आता फोन नका करू. तेव्हा थांबली.

तरी तिला स्वस्थता नाही. कंपनी आता आणखी एक फर्म घेते आहे. त्यांची सहाशे कोडची यादी पद्मिनीने पहिल्याच मीटिंगमध्ये परत पाठवली. ती म्हणाली, प्रत्येक कोडपुढे अर्थ लिहा, आणि दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसून वाचू. त्यामुळे त्यांच्या ऑर्डर यांच्या सिस्टिममध्ये आणायची तारीख सहा आठवडे पुढे गेली.

“वरचे लोक जाम चिडलेत,” ती मला म्हणाली. “चिडू देत. माझे अजून दोनशेच कोड वाचून झालेत.”