मोटरमधला गुंता

सदाशिव पेठेत ड्रोन दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. मी लग्नांचं शूटिंग करतो, त्यामुळे त्यांच्याकडे अधूनमधून जावंच लागतं. नमस्कार वगैरे भानगड नाही. "कुठं पडला?" एवढंच विचारतात आणि उत्तर ऐकून न ऐकल्यासारखं करतात. मग मोटरमध्ये अडकलेलं चिमट्यानं काढून पांढऱ्या कागदावर मांडतात. गवत, माती, कधी मांजाचा तुकडा. त्यांचा विश्वास त्या कागदावर.

परवा खराडीच्या एका लग्नात ड्रोन कोसळला. "आंब्याच्या झाडात अडकला," मी सांगितलं.

"असं का," म्हणत त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. चिमटा बराच वेळ फिरत राहिला. शेवटी कागदावर लांब काळ्या केसांचा गुंता आला आणि त्यात चुरगळलेलं अबोलीचं फूल.

"यंदा आंब्याला अबोली लागली वाटतं."

त्यांनी ड्रोन माझ्याकडे सरकवला.

"मोटर बदलून देईन. आधी त्या बाईंना किती लागलंय ते बघून या."

मला त्या बाईंचा चेहराही आठवेना. त्या दिवशी मी धावत जाऊन आधी ड्रोनच उचलला होता.