पायरीवरून दिसलेले हात

एल्सबेथबाईंचं आडनाव झ्वायफेल. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ शंका, आणि बाईंनी त्या नावाला कधी बट्टा लागू दिला नाही. स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुस प्रांताच्या डोंगरातल्या त्यांच्या गावात अंडी उजेडात धरून घेणारी आणि पाद्रीबुवांना प्रवचनानंतर "हे नक्की ना?" असं विचारणारी बाई ही एकच.

मे महिन्यातली रविवारची सभा त्यांना कधी पटली नाही. सगळा प्रांत मैदानात उभा राहून ठरावांवर मत द्यायला कार्डं वर करतो आणि प्रमुख मंचावरून नुसती नजर फिरवून कौल सांगतो. मोजणी नाही, दाद मागणं नाही. वर बोलणाऱ्यानं सुरुवात करायची तीही 'परमविश्वासू देशबांधवांनो' अशी. यांच्यातल्या निम्म्यांना मी सायकलसुद्धा उसनी देणार नाही, असं बाई म्हणायच्या.

यंदा मात्र त्या स्वतःच मंचावर चढल्या. गावाची संध्याकाळची बस बंद करायचा ठराव होता. त्यांचा नवरा योस्ट आठवड्यातून तीनदा डायलिसिसला शहरात जायचा आणि परतायला तीच एक बस होती. गाडी दोघांनाही चालवता येत नव्हती. बाईंनी विश्वासाचे शब्द घाईघाईत उरकले आणि बससाठी जीव तोडून बोलल्या. गावाला काही घोर नव्हता, कारण प्रांताचा प्रमुख बाल्ट्स हा बाईंचा सख्खा मावसभाऊ. नजर घरचीच आहे, म्हणत सगळे निवांत होते.

बाल्ट्सनं दोनदा हात वर करायला लावले. मग त्यानं कौल दिला, बस बंद.

सभेनंतर गावकरी खाणावळीत बसले. समोर सॉसेज आणि कुस्करलेले बटाटे होते. बाल्ट्सनं आपलं सोवळं मिरवायला बहिणीचा बळी दिला, असं एक जण म्हणाला. सुतार रुएदीनं तर पुढच्या वर्षी त्या मैदानात पाय ठेवणार नाही असं जाहीर करून टाकलं, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

योस्टनं हळूच विचारलं, "फसवलं का गं बाल्ट्सनं आपल्याला?"

हो म्हणावं असं बाईंच्या फार मनात आलं. नुसती मान हलवली असती तरी गाव पाठीशी उभं राहिलं असतं. पण भाषणानंतर त्या मंचाच्या पायरीवरच रेंगाळल्या होत्या आणि शंकेखोर डोळ्यांनी त्यांनी मैदान दोन्ही वेळा नीट पाहिलं होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "बस बंद करा म्हणणारेच हात जास्त होते. बाल्ट्सच्या जागी मी असते तरी हेच सांगितलं असतं."

बाईंचे डोळे भरून आले. बस गेली हे त्यांनी आपल्याच तोंडानं पक्कं केलं होतं.

शेजारचा हाइरी इतका वेळ ताटात बघत होता. "त्यातला एक माझा होता," तो म्हणाला. "रिकाम्या बसेस फिरवायला मी कर भरत नाही."

"दिसला मला. सगळ्यांत उंच तुझाच होता."

हाइरी ओशाळून हसला. "मंगळवारी योस्ट किती वाजता सुटतो तिथून? मी आणतो त्याला. गाडीला शेळ्यांचा वास येतो, तेवढं चालवून घ्या."

"गुरुवार आणि शनिवार माझे," रुएदी म्हणाला. "आणि पुढच्या मे महिन्यात बस परत मागू. एल्सबेथ, तूच बोल."